धुंधुरमासातला वारसा सप्ताह: आपल्या वाड्यात, आपल्या गल्लीत कसा करावा

जागतिक वारसा सप्ताह दर वर्षी १९ ते २५ नोव्हेंबरला असतो. पुरातत्त्व खात्याचे, विद्यापीठाचे, शाळांचे कार्यक्रम त्याच आठवड्यात होतात आणि ते व्हावेतच. पण बडोद्यातल्या एखाद्या वाड्यानं किंवा गल्लीनं स्वतःचा सप्ताह करायचं मनावर घेतलं असेल, तर नोव्हेंबर धरू नका असंच मी सांगेन. दिवाळीची सुट्टी कधी तेव्हा चालू असते, कधी नुकती संपलेली असते. देवऊठी अगियारसला, म्हणजे कार्तिकी एकादशीला, विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो, देवदिवाळीला, म्हणजे गुजरातेत कार्तिक पौर्णिमेला, नरसिंहजींचा. मांडवी, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमधली कमानींची इमारत, तिच्या आजूबाजूचे रस्ते त्या दिवसांत देवाचे असतात. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात, आणि मग मंडपवाला, आचारी, सतरंज्या, माइकवाला यांतलं कुणी हाती लागत नाही.

आमच्या गल्लीचा सप्ताह डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असतो, ऐन धुंधुरमासात. साधारण १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत आपला धनुर्मास आणि गुजराती शेजाऱ्यांची कमुरतां. दोघांच्याही घरी या महिन्यात लग्नकार्य नसतं. मंडपवाले मोकळे असतात, हॉल रिकामे असतात, तबलजी वेळ देतात. दुसरं कारण याहून मोठं आहे. नाताळच्या रजेत अमेरिका-ऑस्ट्रेलियातली पोरंबाळं घरी आलेली असतात. जुने आल्बम, आजीचे दागिने, आजोबांची पत्रं यांतलं बरंच काही त्यांच्याबरोबर परदेशी गेलेलं असतं, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही नातवंडांसमोर बोलायला हुरूप येतो. ५ जानेवारीच्या पुढे मात्र ढकलू नका. एकदा गेंडीगेटकडे पतंगांची दुकानं लागली आणि रस्त्यारस्त्यावर दोऱ्याला रंग द्यायला सुरुवात झाली, की मुलं गच्चीवरून खाली उतरत नाहीत.

१९ नोव्हेंबरचा उपयोग एवढाच करा: सप्ताहाचं काम करणारी मंडळी मिळून रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात जाऊन या. बडोद्याचे दिवाण विठ्ठल खंडेराव तथा भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा, आता केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक. वरच्या मजल्यांच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत. कृष्णलीला आहे, महाभारत आहे, इंग्रज-मराठ्यांची लढाईही आहे. मी शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे माझे विद्यार्थी तिथं पुष्कळ नेले. चित्रं पाहून झाली की खांब, तुळई, कडीपाट बघायला सांगत असे, कारण अगदी तसलंच काम, थोडं साधं, त्यांतल्या कितीतरी मुलांच्या स्वतःच्या घरात होतं आणि त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. तुमच्या मंडळींनाही ती सवय तिथंच लागू द्या.

सप्ताहाचा हेतू एकच धरा. घरात जी वस्तू अजून आहे आणि ज्या माणसाला तिची माहिती अजून आहे, ती दोन्ही एका कागदावर आली पाहिजेत. बाकी सगळं, म्हणजे गाणं, फेरी, जेवण, या एका गोष्टीसाठी माणसं जमावीत म्हणून. म्हणूनच लक्ष्मीविलास राजवाडा मी सप्ताहात धरत नाही. १८९० साली पुरी झालेली ती वास्तू अप्रतिम आहे, राजा रविवर्म्याची चित्रं तिथं आहेत, आणि तिकीट काढून ती वर्षभर पाहता येते. तुमच्या शेजारच्या काकूंच्या माजघरातला शंभर वर्षांचा देव्हारा तिकिटानं पाहता येत नाही.

दारोदार विचारणं

दसरा झाला की सुरुवात करा. सहा-सात जण पुरतात, पण त्यांत एक तरी भाडेकरू हवा, एक सफाईदार गुजराती लिहिणारं हवं आणि एक हिशेबाला चोख. वाड्यात मालक आणि भाडेकरू यांचं नेहमी पटतंच असं नाही, तेव्हा परवानगी दोघांकडूनही वेगवेगळी घ्या. मालकानं हो म्हटलं म्हणून भाडेकरूच्या खोलीत वीस माणसं नेऊ नयेत. उलटही तसंच.

दुपारी चारच्या सुमाराला जा. चहाची वेळ असते, घरातल्या बायका मोकळ्या असतात. हातात फॉर्म, फोनचा कॅमेरा, छापील पत्रक, काही नको. “तुमच्याकडे जुनं काय आहे?” असं विचारलंत तर शंभरातली नव्वद घरं “कुठं काय, सगळं मोडीत दिलं” असं सांगून मोकळी होतात. त्याऐवजी कामाबद्दल विचारा. “आंघोळीचं पाणी कशात तापवायचा?” म्हटलं की माळ्यावरचा तांब्याचा बंब आठवतो. “लोणचं कशात घालायचा?” म्हटलं की चिनी मातीच्या बरण्या निघतात. “सासूबाई सुपारी कशानं कातरायच्या?” म्हटलं की मोराच्या आकाराचा अडकित्ता हातात येतो आणि त्याच्यामागून सासूबाईही येतात. आमच्या गल्लीतल्या एका बेननी “आमच्याकडे काहीच नाही” म्हणत म्हणत नळ यायच्या आधीची पाण्याची तांब्याची घागर दाखवली होती. तिच्या काठावर नाव कोरलेलं होतं, ते त्यांच्या आजेसासूंचं.

आणि सगळ्यांना विचारा. बडोद्याचा वारसा म्हणजे मराठ्यांचाच, असं मनात धरून फक्त आपल्या आडनावांच्या पाट्या शोधत फिरू नका. मांडवी गायकवाड इथं यायच्या आधीपासून उभी आहे. सयाजीरावांच्या गायनशाळेचे पहिले प्रमुख मौलाबक्ष. गवई फैयाज खाँसाहेब इथल्याच दरबाराचे आणि त्यांचा अंतही १९५० साली बडोद्यातच झाला. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बोहरा काकांच्या दुकानाचं फडताळ आपल्या दिंडीदरवाजाइतकंच सप्ताहाचं आहे.

पहाटेची फेरी

सप्ताहातला पहिला रविवार फेरीचा. सकाळी सव्वासहाला मांडवीखाली जमा. या दिवसांत बडोद्याला सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, म्हणजे निघताना अंधार असतो. पण मांडवीचा चौक रिकामा दिसण्याची हीच वेळ. दिवस वर आला की रिक्षा, हातगाड्या आणि दुचाक्यांतून चारी बाजूंच्या कमानी नीट दिसतसुद्धा नाहीत.

मांडवीखाली उभं राहून मुलांना चार दरवाजे बोटानं दाखवायला सांगा: पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. जुन्या शहराचा नकाशा एवढ्यानं डोक्यात बसतो. मग पश्चिमेला निघा. लहेरीपुरा ओलांडला की समोर न्यायमंदिर, १८९६ सालचं. त्याच्या बाहेर उभं राहून त्या इमारतीत वकिली केलेल्या एखाद्या काकांना बोलू द्या. आमच्या फेरीत एका निवृत्त वकिलांनी कोर्टाच्या मधल्या उंच दालनात आवाज कसा घुमायचा आणि म्हणून साक्षीदाराला कसं हळू बोलायला लावावं लागे, हे सांगितलं. वास्तुशैलीची पुस्तकी माहिती लोक विसरले, ही गोष्ट लक्षात राहिली.

सूरसागरला पोचेपर्यंत उजाडलेलं असतं. तळ्याच्या काठी संगीत महाविद्यालय. १८८६ साली सयाजीरावांनी गायनशाळा काढली, तिचंच हे वाढलेलं रूप. इथं तंजावरची गोष्ट सांगायला विसरू नका. १८८० साली तंजावरच्या राजकन्या लक्ष्मीबाई, म्हणजे आपल्या पहिल्या चिमणाबाई राणीसाहेब, लग्न होऊन बडोद्याला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर नर्तकी आणि वादकही आले. दरबारच्या कलावंत कारखान्यात, म्हणजे कलाकारांच्या खात्यात, त्यांना नेमणुका मिळाल्या. गुजरातच्या मध्यावर मराठी राजाच्या दरबारी तमिळ नाच कसा काय होता, हे कुतूहल मुलांना इतकं वाटतं की पुढचा अर्धा रस्ता प्रश्न संपत नाहीत.

तिथून दांडिया बाजार. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्याच्या नोकरीत होते, त्यांचं निवासस्थान इथं आहे. सकाळच्या वेळी बाहेरूनच दाखवा. पुढे रावपुरा आणि तांबेकर वाडा, तोही बाहेरून, कारण आत जाण्याची वेळ नंतरची असते. सगळं मिळून दोन-अडीच किलोमीटर होतं.

फेरीचे माझे नियम कडक आहेत. एका गटात वीसच माणसं. जास्त आली तर दुसरा गट अर्ध्या तासानं. माइक नाही, कारण गल्ल्या अजून झोपलेल्या असतात. एका ठिकाणी पाच मिनिटांहून जास्त थांबायचं नाही, आणि शक्य तिथं बोलणारा माणूस त्याच जागचा. पुढे एक, मागे एक जाणता माणूस. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी दोन रिक्षा सांगून ठेवा, त्या मांडवीहून थेट सूरसागरला येतील. वाटेवरच्या दोन घरांत आधीच विचारून शौचालयाची सोय करा. साठीच्या पुढच्या बायका याच एका काळजीपायी येत नाहीत, आणि तोंडानं सांगत नाहीत.

धुंधुरमासाची पंगत

फेरी वाड्याच्या चौकात संपते. धुंधुरमासात सूर्योदयाला नैवेद्य दाखवून त्या वेळीच जेवायची आपली रीत. मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत, तिळाची चटणी, गूळ. आपल्याकडच्या पुष्कळ घरांतून ही रीत गेली, कारण पहाटे उठून एवढं रांधणार कोण? सगळ्या वाड्यानं मिळून केलं तर जमतं. नैवेद्य उजाडताच वाड्यातल्या देवघरात दाखवा, पंगत पावणेआठला.

साठ माणसांचा अंदाज देते. तांदूळ तीन किलो, मुगाची डाळ दीड किलो, बाजरीचं पीठ सहा किलो, भरताची वांगी सहा किलो, तूप एक किलो. लोणी घरोघरचं. पैसे गोळा करू नका, शिधा गोळा करा. कुणी तांदूळ, कुणी डाळ, कुणी गूळ. हिशेबाच्या वहीत घराचं नाव आणि शिधा लिहा. ज्याच्या घरचे तांदूळ पडले तो माणूस पंगतीला येतोच, आणि आला की वाढायलाही लागतो. भाकऱ्या एका आचाऱ्याकडून करून घेतल्या की पानात येईपर्यंत गार आणि कडक होतात. त्या सहा घरांत वाटून द्या, घरटी पंधरा, आणि मुलांनी गरम गरम धावत आणाव्यात. वांगी आदल्या रात्री गच्चीवर शेगडीवर भाजा. वाड्यात आत नको, कारण लाकूड. खिचडीचं पातेलं मात्र भल्या पहाटे साडेपाचलाच चढवा.

गुजराती शेजाऱ्यांना बोलावणं आधी जाऊन करा. त्यांचं उंधियुं, लीलो चेवडो, आणि मिळाला तर पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, पंगतीत आला की ताट बडोद्याचं होतं. आमच्याकडे भाकरी थापायची कशी हे शेजारच्या सुनांनी याच पंगतीच्या निमित्तानं शिकून घेतलं.

ओट्यावरचं प्रदर्शन

वस्तू एका हॉलमध्ये टेबलावर मांडू नका. दागिना, पितळ, जुनी घड्याळं परक्या हॉलमध्ये ठेवायला कुणी देत नाही आणि देऊही नये. प्रत्येक घरानं आपल्याच ओट्यावर किंवा पुढच्या खोलीत, दुपारी चार ते सात, एकच वस्तू ठेवावी. एकच. पाच ठेवल्या की ते दुकान होतं आणि एकीचीही गोष्ट सांगून होत नाही. वस्तूच्या शेजारी घरातलं माणूस बसलेलं हवं.

प्रत्येक वस्तूपुढे चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती. चिठ्ठीत पाच गोष्टी याव्यात: काय आहे, घरात कसं आलं, कोण वापरायचं, कधीपासून वापरात नाही, आणि वापरायची रीत आज घरात कुणाला येते. नमुन्यासाठी आमच्या घरचीच देते.

“तांब्याचा बंब. माझ्या सासूबाईंच्या माहेराहून, त्यांच्या लग्नात आला. कोळसा मधल्या नळीत, पाणी भोवती. पहाटे पेटवायचं काम मामंजींचं. गॅसचा गीझर आला तेव्हापासून माळ्यावर. पेटवता येतो: सासूबाईंना आणि आता मला.”

शेवटची ओळ सोडू नका. माझ्या मते सगळ्या चिठ्ठीत तीच सगळ्यात मोलाची. त्या एका ओळीमुळे सप्ताहात पुढे काय करायचं ते कळतं. कुणाला जातं टाकायला येतं, कुणाला सोंगट्यांचा डाव मांडता येतो, कुणाला जुन्या कडीकुलपाची खुबी ठाऊक आहे. त्यांना मधल्या एका संध्याकाळी चौकात बोलवा आणि करून दाखवायला लावा. जात्याभोवती आमच्याकडे गर्दी झाली ती ओव्यांमुळे. दळता दळता एका आजींना इतक्या ओव्या आठवल्या की लिहून घेणाऱ्या मुलीची वही भरली. बसून “ओव्या सांगा” म्हटलं असतं तर दोनच्या पुढे गेल्या नसत्या. हाताला खुंटा लागला म्हणून आठवल्या.

जाता जाता: चिठ्ठ्या, फलक, पताका यांतलं काहीही लाकडावर खिळ्यानं ठोकू नका, चिकटपट्टीनंही लावू नका. सुती नाडीनं खांबाला बांधा. ज्यांना कोरीव दर्शनी भागावर आपला फ्लेक्स लावायचा आहे असे प्रायोजक मी नाकारले आहेत आणि तुम्हीही नाकारा.

फोटो आणि मोडी कागद

हा दिवस सगळ्यात शांत आणि सगळ्यात कामाचा. एका घरात खिडकीशी टेबल मांडा, तिथं एक स्कॅनर, एक लॅपटॉप, दोन कॉलेजची मुलं. लोकांनी आपले जुने फोटो आणायचे, समोर बसून स्कॅन करून घ्यायचे आणि त्याच तासाला घरी परत न्यायचे. “ठेवून जा, उद्या देतो” हे एकाही फोटोच्या बाबतीत नको. स्कॅन ६०० डीपीआयला करा. फाइलला नाव देताना घर, अंदाजे साल आणि क्रमांक, एवढं पुरे.

जुना फोटो चौकटीत काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, वरचा थर काचेबरोबर निघून येतो. चौकटीसकट, तिरक्या उजेडात, काचेवर चमक येणार नाही असा फोनवर टिपा. फोटोतल्या माणसांची नावं मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीनं लिहा, टूबी चालेल. बॉलपेननं लिहिलं की पुढच्या बाजूला वळ उठतो आणि शाई पसरते. नावं सांगणारं माणूस बोलत असताना फोनवर आवाज टिपून ठेवा, आधी विचारून. “ही मधली कोण?” या एका प्रश्नावर दोन जावांचं अर्धा तास बोलणं होतं आणि त्यात घराचा सगळा इतिहास येऊन जातो.

कागदांची गोष्ट वेगळी. रावपुरा, दांडिया बाजार इथल्या जुन्या घरांत मोडीतले कागद अजून निघतात. खरेदीखतं, गहाणखतं, सनदा, नेमणुकीचे हुकूम. लोक कळकळीनं त्यांना लॅमिनेट करतात. कृपा करून करू नका. लॅमिनेशनच्या उष्णतेनं आणि प्लॅस्टिकनं कागदाचं कायमचं नुकसान होतं आणि ते पुन्हा सोडवता येत नाही. इस्त्रीही नको, सेलोटेपही नको. घडी जिथं फाटायला आली आहे तिथं उघडझाप थांबवा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा आणि मूळ कागद धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात, कोरड्या जागी ठेवा.

मोडी वाचणारं माणूस आधी गाठा आणि मानधन ठरवून बोलवा. हे काम फुकट करून घ्यायचं नाही. आणि एक नियम मोडू नका: कागदाचं पहिलं वाचन घरच्या माणसांपुढे, दार लावून. चौकात, माइकवर, सगळ्यांसमोर पहिल्यांदाच वाचलेल्या गहाणखतातून भाऊबंदकी उकरून निघते. कुणाची वाटणी कुठं संपली, कुणाची सही नाही, हे त्या कागदात असतं. घरच्यांनी ऐकल्यावर, त्यांना वाटलं तर, त्यातला चारचौघांत सांगण्यासारखा भाग सांगावा. पोथ्या निघाल्या तर त्यांची यादी करून विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरात विचारायला जा. हस्तलिखितांचं काम तिथं १९२७ पासून चालू आहे.

सयाजीबागेचा दिवस

एक पूर्ण सकाळ सयाजीबागेसाठी ठेवा. मुलांना १८९४ सालचं संग्रहालय आवडतंच, देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी बघायला ती परत परत जातात. पण मी गट घेऊन जाते तो आधी संकल्पभूमीकडे. बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेत शिकायला गेलेले बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली इथं नोकरीला आले आणि अख्ख्या शहरात त्यांना कुणी राहायला जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकललं. याच बागेतल्या झाडाखाली ते बसून राहिले. ज्यांनी त्यांना दार उघडलं नाही ती घरं आपल्याच जुन्या गल्ल्यांतली होती. त्याच घरांच्या कोरीव दारांचं कौतुक आपण आठवडाभर करतो, तेव्हा हे त्याच आठवड्यात, मुलांसमोर, स्पष्ट शब्दांत सांगायचं. या जागेवर मी कुणालाही फोटोची घाई करू देत नाही.

मग विश्वामित्रीच्या पुलाजवळचं कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी १९३६ साली बांधलेलं, आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं. गंगावतरणाच्या चित्रासमोर मुलांना खाली बसवा आणि फक्त रेषा कुठून कुठं वाहते ते बोटानं हवेत काढायला सांगा. दहा मिनिटं. नंतर कागद-पेन्सिल द्या. स्पर्धा ठेवू नका, नंबर काढू नका. बक्षिसासाठी काढलेली चित्रं एकसारखी होतात.

वेळ उरला तर मांडवीचं मध्यवर्ती ग्रंथालय. १९१० साली ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावून सयाजीरावांनी ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. खेड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या आणि खालच्या मजल्यावर उजेड झिरपावा म्हणून केलेली काचेची फरशी आजही पाहण्यासारखी आहे. आधी पत्र देऊन वेळ घ्या.

बैठक, परवाने, पैसे

गाण्याची बैठक एकच ठेवा, चौकात, चाळीस-पन्नास माणसांत, माइकशिवाय. साडेसातला सुरू करा. थंडी वाढते, म्हातारी माणसं नऊनंतर बसत नाहीत. तंबोरा-तबला अर्धा तास आधी आणून तिथल्याच हवेत ठेवा, मगच लावा. नाट्यगीत, अभंग, आणि एक तरी गुजराती प्रभातियुं, म्हणजे भूपाळीसारखं पहाटेचं पद, किंवा भजन.

माइक लावणारच असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी लागते आणि रात्री दहाला तो बंद झालाच पाहिजे. रस्ता अडणार असेल तर वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या, पोच घ्या, अर्जाची प्रत खिशात ठेवा. संरक्षित स्मारकाच्या आवारात काहीही करायचं असेल तर पुरातत्त्व खात्याच्या वडोदरा मंडळाकडे पुष्कळ आधी लिहा. नुसतं बघायला जात असाल तर वेळ विचारून जा.

लाकडी वाड्यात पणत्या, मेणबत्त्या, फटाके, काही नाही. दिवे हवेत तर विजेचे, आणि वायरी जुन्या बोर्डातून न घेता बाहेरच्या मीटरवरून इलेक्ट्रिशियनकडून ओढून घ्या. दोन अग्निशामक सिलिंडर भाड्यानं आणा, ते कसे उघडायचे हे चार जणांना दाखवून ठेवा. माडीवर एका वेळी आठ माणसं. सज्जात कुणीही उभं राहायचं नाही, फोटोसाठीही नाही. जिन्यापाशी एक दणकट मुलगा उभा करा, तोच मोजेल.

पैसे मोडी वाचणाऱ्याचं मानधन, साथीदारांचं मानधन, कार्डांची छपाई, सतरंज्या आणि चहा यांवर जातात. शिधा आलेला असतो, जागा घरच्या असतात, त्यामुळे घरटी वर्गणीत भागतं. सत्कार, शाली, नारळ, स्मृतिचिन्हं सरसकट वगळा.

सप्ताह संपल्यावर

संक्रांतीला तिळगूळ द्यायला घरोघर जायचंच असतं, तेव्हाच प्रत्येक घराचं पाकीट हातात द्या: त्यांच्या फोटोंचे स्कॅन पेनड्राइव्हवर, दोन-तीन छापील प्रती, त्यांच्या वस्तूची चिठ्ठी, मोडी कागदाचं बाळबोध लिप्यंतर असेल तर ते. घरच्यांनी नको म्हटलेला एकही फोटो तुमच्या लॅपटॉपवर राहता कामा नये, तो त्यांच्यादेखत काढून टाका. ज्यांनी हो म्हटलं त्यांच्या सगळ्या प्रतींचा एक संच जवळच्या वाचनालयात ठेवा आणि एक गल्लीबाहेर राहणाऱ्या कुणा विश्वासाच्या माणसाकडे.

हिशेब एका कागदावर, वाड्याच्या दिंडीत, महिनाभर लावून ठेवा. रक्कम उरली तर ती पुढच्या वर्षीच्या मोडी वाचनासाठी राखून ठेवा. आणि ज्या घरांनी या वेळी दार उघडलं नाही त्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. दसऱ्यानंतर चहाच्या वेळी पहिल्यांदा त्यांच्याकडेच जायचं आहे.